जुन्या खणात

सीप्झ, तिसरा मजला, रात्रीचे साडेदहा.
टेबल म्हणतं, माझ्यात चारशे बारा नोंदी आहेत.
मी त्यातली एक मागते.
उत्तर येतं: नल. म्हणजे काहीच नाही.

पहिल्यापासून एकेक मोजत गेले
तर ती आहे, दोनशे सातवी,
धडधाकट, व्याजासकट.
नावानं हाक मारली की मात्र नाही.

फ्रान्सिस डाबरे खुर्ची घरंगळवत येतो,
हातात वसईची केळी.
"किल्ली म्हणून काय ठेवलंयस?"
टेबलच, मी म्हणते. छोटं. नाव, पत्ता, वारस.
तो केळं सोलतो.
"मग त्याचा हॅशकोड विचार.
वारस बदल. परत विचार."

विचारला.
टेबलाला स्वतःचा असा आकडा नसतोच.
आत जे जे आहे त्या सगळ्यांचे आकडे मिळून
त्याचा आकडा होतो.
क्रम कसाही लावा, बेरीज तीच,
पण एक माणूस वाढला, एक गेला
की आकडा दुसरा,
आणि बाहेरचं मोठं टेबल
नव्या आकड्याच्या खणात हात घालतं.
खण रिकामा.
नोंद जुन्याच खणात बसून आहे,
कुणीतरी येईल म्हणून.

"किल्ली बदलायची असेल
तर वस्तू आधी बाहेर काढायची,"
फ्रान्सिस म्हणाला, "मग बदल, मग परत ठेव."

मला शनिवार आठवला.
माझगावचं पोस्ट. आई आणि मी.
लग्नाआधी ती औषधांच्या कंपनीत
बाटल्यांना लेबलं लावायची, महिना दहा रुपये मागे टाकायची.
पासबुक वाळवीनं खाल्लेलं, नाव तेवढं शिल्लक.
सालस्करांनी कॉम्प्युटरवर घातलं:
सुनेत्रा वसंत पेडणेकर.
नाही.
"अहो, तेव्हा मी द्वारका होते," आई म्हणाली,
जणू तेव्हा ती भायखळ्याला राहायची, इतकं साधं.

ताटात तांदूळ पसरले होते.
बाबांनी अंगठीनं लिहिलं, आत्यानं पेढे वाटले,
टाळ्या झाल्या.
जुन्या खणातून तिला आधी
कुणी बाहेर काढलं नव्हतं.

"मग नावानं नाही व्हायचं. पानं उलटावी लागतील,"
सालस्कर म्हणाले, आणि खरंच उलटली त्यांनी,
चष्मा कपाळावर, दीड तास,
मध्ये जेवणाची सुट्टीही घेतली नाही.
एकाच पानावर दोघी निघाल्या,
द्वारका मांजरेकर आणि खाली पुन्हा द्वारका मांजरेकर.
असं होतं. एका खणात दोन.
तेव्हा नुसतं नाव पुरत नाही, माणूस ताडून बघावा लागतो.
"वडलांचं नाव?"
"नारायण."
वरची.

"सही जुळायला हवी."
आईनं पेन घेतलं. चव्वेचाळीस वर्षं
हे नाव तिनं कुठेच लिहिलं नव्हतं.
हात अडखळेल असं मला वाटलं.
सरसर लिहिलं. द्वारकातल्या 'का'ची काठी
खाली शेपटीसारखी ओढली, मुलीसारखी,
आणि मग माझ्याकडे न बघता
पेनाचं टोपण शोधत राहिली.

काढ, बदल, ठेव. तीन ओळी.
अकराला पाच कमी असताना नोंद हाकेला आली.
फ्रान्सिस गेला. केळ्याची साल माझ्या कीबोर्डशेजारी.

बंद करण्याआधी उगाच
एक नाव टाइप करून त्याचा हॅशकोड मागितला.
द्वारका: १४६५५४०६४९.
मग दुसरं.
सुनेत्रा: १३६३६२३५१९.
दोघांचं एकमेकांशी काही नातं दिसत नाही.
दोन्ही मात्र दहा आकडी, मोबाइलसारखे,
फक्त एकनं सुरू होणारे,
म्हणून कुठूनही लावले तरी न लागणारे.

पहिला मी तरीही
चिठ्ठीवर उतरवून घेतला.