व्यपगत

इंद्रभुवनाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर,
जन्ममृत्यूचे दाखले मिळतात त्याच्या शेजारच्या खोलीत
आम्हाला बारा दिवस भाषांतर शिकवलं.
सरकारचा निधी होता, महापालिकेकडं वर्ग झालेला.
एक बॅनर, अठरा फायली, अठरा पेनं,
दुपारी पुरीभाजी,
आणि शेवटी मानधन, दिवसाला तीनशे,
सही केल्यावर.

पुण्याहून आलेले सर म्हणाले,
दुभाष्यानं काचेसारखं असावं.
आपलं काही घालायचं नाही, त्यांचं काही काढायचं नाही.
शेजारची मैमूना हळूच म्हणाली,
काच पुसणाऱ्या बाईचं काय लिहू?

मी लिहून घेतलं सगळं.
पण हे काम मी सातव्या वर्षापासून करते,
विनाफाईल.
दत्त नगरात, बिडीच्या ब्रँचमध्ये,
अम्माच्या हजारातल्या दीडशे बिड्या चेकर छाट काढायचा.
तो मराठीत बोलायचा, अम्मा तेलुगूत,
मधे मी, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकेल एवढी.
तो म्हणायचा, आईला विचार, झोपेत वळते काय?
मी अम्माला सांगायचे, पान ओलं होतं म्हणतात.
अम्मा त्याच्या सात पिढ्या काढायची.
मी त्याला सांगायचे, उद्या नीट करते म्हणाली.
दोन्ही बाजूंनी मिळून मी किती काढलं, किती घातलं,
कुठल्या लेखाशीर्षात बसेल ते?

तेराव्या दिवशी नेमणूक, सिव्हिलमध्ये.
खुर्ची मंजूर नव्हती. ओपीडीच्या दाराशी उभी राहिले.
वेमुला नरसम्मा, वय अंदाजे साठ, नीलम नगर.
म्हणाली, कडुपु मंटा.
मी म्हणाले, पोटात आग.
डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटी लिहिलं.
चूक कुणाचीच नाही. पोट म्हणजे पोट, आग म्हणजे आग.
पण आमच्यात असंही म्हणतात
धाकटा दीर घर नावावर करून घेतो तेव्हा,
तीस वर्षं चाललेला माग
किलोच्या भावानं टेम्पोत चढतो तेव्हा.
बाहेर जिन्यापाशी तिला गाठून विचारलं, कसली मंटा?
ती म्हणाली, गोळी दिली की त्यांनी. मग झालं.
कुठल्या खिडकीत काय मिळतं
हे बाईला माझ्याआधी माहीत होतं.

एप्रिलात मानधनाचं विचारायला गेले.
लेखा विभागातले हत्तुरे पंख्याखाली फायली दाबून बसले होते,
एका फायलीवर पाण्याची बाटली, एकीवर स्वतःचं कोपर.
पैसे आलते की ओ, म्हणाले.
एकोणतीसला, शनिवारी संध्याकाळी.
तीसला पाडवा. एकतीसला ईद, त्यात सर्व्हर बंद.
मग?
मग व्यपगत.
उपयोगिता प्रमाणपत्र तेवढं वेळेत गेलंय,
अठरा दुभाषी तयार, म्हणून.
आणि असं करा, बाकीच्यांना तुम्हीच कळवा,
ज्याच्या-त्याच्या भाषेत.
ट्रेनिंग झालंय की तुमचं.

व्यपगत.
बारा दिवसांत हा शब्द आला नव्हता.
पायरीवर बसून मी शोधत राहिले,
ऊन चप्पलेतून वर येत होतं.
हत्तुरे स्वतः फोनवर कुणाला तरी
कन्नडमध्ये सांगत बाहेर आले, बंतु, होयतु.
मैमूनानं तिच्या दोघींना सांगितलं, आया, गया.
मीही तसंच केलं. वच्चिंदि, पोयिंदि.
आलं, गेलं.
तिन्ही भाषांत काना-मात्रा न सोडता, 
काचेसारखं.

शेवटचा फोन कोंड्याल अंबूबाईला.
ती बराच वेळ गप्प. मागं टीव्ही चालू होता.
मग म्हणाली, हे तू सांगायलीस का ते?
ते, मी म्हणाले.
आणि फोन ठेवायच्या आधी
एक शब्द घातला जास्तीचा.
माझा नाही, अम्माचा,
चेकरपर्यंत मी कधीच न पोचवलेला.