जवसाचं तेल

लेंडर्ट ब्लोक्दाइकच्या चित्रांच्या चौकटी
एकतीस वर्षं मीच केल्या.
हार्लेममध्ये, स्पार्नेच्या काठी, माझं दुकान.
त्याची खोली पुलापलीकडे, सायकलवाल्याच्या माळ्यावर,
उत्तरेला एकच खिडकी.
भाडं खिडकीचं, म्हणायचा. बाकी खोली फुकट.

अकादमीत हसले होते त्याला.
तीनशे वर्षं उशीर झाला तुम्हाला, एक परीक्षक म्हणाला.
लेंडर्टनं घड्याळ पाहिलं. खरंच पाहिलं.
मग ब्रश पुसून जिना उतरला
आणि कालव्यावर नावांवर नावं रंगवू लागला:
'योहाना', 'दोघे भाऊ', 'देवाची मर्जी'.
अक्षरामागे पंचवीस सेंट.

चव्वेचाळीसच्या उपाशी हिवाळ्यात
त्यानं कथलाच्या ताटलीत मांडले होते
ट्यूलिपचे सात कांदे.
तांबूस सालं, मुळांची विरळ दाढी.
सावल्या आधी, वस्तू मागून, ही त्याची जुनी शिस्त.
तीन कांदे झाले.
चौथ्या दिवशी बहिणीनं, आख्तनं, ताटली उचलली
आणि चुलीवर पाणी ठेवलं.
तो काही बोलला नाही.
जेवला.

त्या चित्रात अजून तीन कांदे आहेत
आणि सात सावल्या.
चौकट मी फुकट दिली. तेवढी एकच.

पुढे शहरात रंग बादलीनं फेकायचे दिवस आले.
हा एका लिंबाशी चाळीस दिवस बसे.
लिंबू सुकत जाई, चित्रातलं रसाला येई.
गिऱ्हाईक म्हणजे दातांचे डॉक्टर.
त्यांच्याकडे ताटकळणाऱ्यांच्या दुखऱ्या तोंडांना
म्हणे पाणी सुटायचं.

मोती मात्र त्यानं कधी रंगवला नाही.
सगळेच रंगवतात, म्हणायचा.
शेवटी डोळ्यात उतरला, मोतीबिंदू होऊन,
आधी डाव्या, मग उजव्या.
जन्मभर डोळ्यांत तेल घालून बसलेला माणूस,
आता जवसाच्या तेलाची बाटली वासावरून शोधायचा.

तेल वरून आठवड्यात वाळतं,
आतून वाळायला माणूस जावा लागतो,
हे त्यानंच शिकवलेलं मला.

गेल्या मार्चमध्ये कांद्यांचं चित्र आणायला सांगितलं.
मांडीवर घेतलं. चाचपत चाचपत
चौथ्या सावलीवर बोट टेकवलं.
ओलं आहे का रे अजून?

पस्तीस वर्षं झाली होती.
नाही, म्हणालो.

तरी त्यानं बोट चिंधीला पुसलं.