गेटवर ठेवा

फोन चार्जिंगला लावला आणि
कढीपत्ता आणायला खाली उतरले.
कढी चौदाव्या मजल्यावर. गॅस बंद. तेवढी अक्कल होती.

परत आले तर गेटवर नवा पोरगा.
जालन्याचा. खिशावर नाव : सुदर्शन.
गणवेश दोन मापं मोठा.
म्हणाला, कुणाकडे जायचंय?
म्हटलं, माझ्याकडे.
त्याने टॅबवर बोट फिरवलं.
'माझ्याकडे' नावाचा फ्लॅट निघाला नाही.

अरे, ही बिल्डिंग चार मजल्यांची होती,
हिचं नाव 'शेजार' होतं,
तेव्हापासून मी इथे राहते.
तो ट्रान्सफॉर्मरमागचा उंबर बघ,
त्याचं आळं मी केलंय.
म्हणाला, झाडाला अ‍ॅप्रूव्हल लागत नाही, मॅडम.

मग त्याने अ‍ॅपमधून वर विचारलं :
'गेटवर एक व्यक्ती आली आहे. ओळखता का?'
मिक्सरशेजारी माझा फोन थरथरला असणार,
एकदा, दोनदा, तीनदा.
ओळखायला मी घरात नव्हते.

समोरच्या फ्लॅटमधले ओळखतील ना?
ओळखतील की.
नाव काय त्यांचं?
कढीपत्त्याची काडी या हातातून त्या हातात घेतली.

एखादा नंबर पाठ?
होता एक. घडाघडा सांगितला.
त्याने लावला, स्पीकरवर टाकला.
बाई गोड आवाजात म्हणाली,
हा क्रमांक अस्तित्वात नाही.
आमचा जुना लँडलाइन.

तीस वर्षं मी टी वॉर्डात
घरपट्टीच्या खिडकीमागे बसले.
सामंत म्हणून एक गृहस्थ यायचे.
तुम्ही तुम्हीच आहात हे मला मान्य आहे, मी म्हणायची,
पण कागद?
चौथ्या खेपेला ते बायकोला घेऊन आले, साक्षीला.
मी विचारलं होतं,
आणि यांचा कागद?

सुदर्शन म्हणाला, दुसरा नंबर दिसतोय, त्याला पाठवतो.
तो सुनेचा. सून ऐरोलीत, मीटिंगमध्ये.
तिच्या स्क्रीनवर तीन बटणं :
येऊ द्या. नको. गेटवर ठेवा.
दिवसाला पाच-पाच पार्सलं मागवणारी मुलगी,
तिचा अंगठा विचार करत नाही.

टॅब टुणकन वाजला.
सुदर्शनने वाचलं. माझ्याकडे बघितलं.
मग प्लास्टिकच्या खुर्चीकडे.
मॅडम, गेटवर ठेवायला सांगितलंय.
पुन्हा विचार ना, बाळा.
एकदा उत्तर आलं की आलं.

बसले.
डावीकडे कुणाचं तरी मांजराचं खाद्य, दहा किलो.
उजवीकडे एक खोकं,
त्यावर काचेच्या पेल्याचं चित्र, बाण वर.
सुदर्शनने वहीत नोंद केली :
१४०३. एक नग.
मग स्वतःच्या डब्यातली अर्धी चिक्की दिली.
तिची नोंद नाही केली.

सातव्या मजल्यावरचा छोटा खाली आला,
माझ्याभोवती एक चक्कर मारली,
स्टिकर कुठाय, म्हणाला.

साडेसातला सून आली.
अगं आई, तुम्ही इथे काय करताय?
तोवर तिच्या फोनवर प्रश्न आला होता :
पार्सल मिळालं का? अनुभव कसा होता?
लिफ्टमध्ये तिने चार तारे दिले.

एक का कापलास गं?

कढीपत्ता सुकलाय, म्हणाली.