राख-एल्फ

मे महिन्यातला रविवार, त्रिमूर्तीनगर, गच्चीवरची खोली.
कूलरची खस केव्हाच वाळली, मोटर तेवढी ओरडून राहिली.
मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर मी काढलेला नकाशा,
एका कोपऱ्यावर तर्रीचा डाग,
तिथे आता दलदल आहे असं आम्ही ठरवून टाकलं.

खेळ मी चालवतो. नद्या माझ्या, राक्षस माझे,
वेशीवरचे पहारेकरीही माझेच.
पात्रांचे तक्ते मी मराठीत करून आणले होते,
बर्डीवर झेरॉक्स, एका पानाला दोन रुपये.
नाव. शस्त्र. बळ.
आणि चौथा रकाना, ज्याला मला दुसरा शब्दच सुचला नाही:
जात.

ओजसनं लिहिलं, उच्च-एल्फ. फैजाननं लिहिलं, बुटका, आणि खाली दाढी काढली.
शलाका बोरकरनं पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: वन-एल्फ.
तिच्या एल्फचं नाव पळसा.
आम्ही हसलो. एल्फचं नाव असं असते का बे?
ती म्हणाली, जंगलात राहते ना? मग?

तर, वणव्यातून तिघं निघाले.
पळसा सगळ्यांत मागे, एक हरणाचं पाडस उचलून,
म्हणून राख सगळ्यांत जास्त तिच्यावर.
वेशीवर माझा पहारेकरी भाला आडवा करून म्हणाला,
थांब. तू राख-एल्फ. जमिनीखालची.
तुमच्यासाठी हा दरवाजा नाही.

ओजसनं फासा टाकला. वीस बाजूंचा, निळा.
एकोणीस.
“मी ओळखतो हिला,” त्याचा एल्फ म्हणाला,
“कान बघा. चालणं बघा. यांचं रक्तच तसं असते.”
खेळातलंच बोलत होता. आवाज मात्र
जेवताना, मीठ मागताना असतो तोच.

मी सोय ठेवली होती. मी काही दुष्ट नाही.
वेशीजवळ ओढा होता, ओढ्याला पाणी होतं.
तोंड धू म्हटलं, पळसा, खालचा हिरवा रंग दिसू दे,
पहारेकरी हात जोडून माफी मागेल,
तशी दोन वाक्यं मी लिहूनही ठेवली होती.

शलाकानं फासा मुठीत घेतला. टाकला नाही.
“पळसा तोंड धूत नाही.”
काहून?
“धुतलं तर तुमचा दरवाजा बरोबर ठरते.”

कूलर ओरडत राहिला.
मला उगाच आठवली तिची बजाजनगरची घरमालकीण.
बोरकर म्हणजे आमच्यातलेच ना, असं म्हणत
तिनं चहात साखर जास्त घातली होती, भाडं पाचशेनं कमी केलं होतं.
शलाका ना हो म्हणाली, ना नाही.
आठ दिवसांनी बाईला कुठून तरी कळलं,
आणि अचानक पुतण्या पुण्याहून राहायला येणार ठरलं.
हा किस्सा तिनंच सांगितला होता, नक्कल करून, हसत.
आम्हीही हसलो होतो.
आणि ओजसनं, सहज, समोसा मोडता मोडता:
पण मग तुम्ही आहात कोणते?

फैजानचा बुटका कुऱ्हाड टेकवून ओढ्याकाठी बसला.
म्हणाला, मला काय घाई नाही, पाडसाला पाणी पाजू दे.
ओजस म्हणाला, खेळ आहे ना यार, काय लावलं.
शलाका म्हणाली, हो, खेळच आहे. तू जा आत.

तो गेला.
एकटा, पांढऱ्या झग्यात, उघड्या दरवाजातून.
माझ्याकडे वळून विचारतो, आत काय दिसते?

मी नकाशा उलटा केला, सुलटा केला.
आत मी काहीच काढलं नव्हतं.
ना गल्ली, ना विहीर, ना एक माणूस.
सगळा आठवडा
मी दरवाजाच रंगवत बसलो होतो.