एकाच माळेत

हत्तुरे सरांनी लाल पेनानं
तिसऱ्या प्रकरणाच्या समासात लिहिलं:
‘लेमा ४ कुठाय? शोधून दमलो.’

लेमा ४ होता पान एकतीसवर,
उपसिद्धांत १ च्या खाली, प्रमेय २ च्या वर,
व्याख्या ७ ला खेटून.
मीच बसवली होती अशी पंगत:
प्रमेयं एका ओळीत, लेमे दुसऱ्या,
टिपा दाराशी, चपलांजवळ.
मोजणी ज्याची त्याची.
असं का, हे कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

मे महिना. पूर्व भागातली वीज गेली
आणि बोळातले माग एका दमात गप्प झाले.
लॅपटॉपची बॅटरी एकोणीस टक्के.
नायना पुढच्या खोलीत पत्ते ओवत होते,
नव्या चादरीचा मोर,
अकराशे बावन्न पत्ते,
प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडा.
त्यांची भोकांची भाषा मला येत नाही,
माझी त्यांना.

विचारलं, ‘नायना, मोराला वेगळे नंबर देता का,
काठाला वेगळे?’
दातात दोरा होता, तसंच हसले.
‘मागाला काय माहीत बे, मोर कोण अन् मोकळी जमीन कोण.
त्याला पुढचा पत्ता कळतो फक्त.’
मग दोरा तोडून, जरा वेळानं,
‘नंबर पत्त्यासाठी नसतोय.
रात्री सुटलेला पत्ता हुडकतोय ना कुणीतरी, त्याच्यासाठी.’
आणि आईला म्हणाले, चहात साखर कमी पडली.

संध्याकाळी वीज आली. मी सगळं उसवलं.
व्याख्या ३.१, लेमा ३.२, लेमा ३.३,
प्रमेय ३.४, टीप ३.५,
एकामागून एक, जसं येईल तसं.
नाव ठळक, आकड्यानंतर टिंब,
विधान तिरक्या अक्षरात
(जणू कुणी मान कलती करून सांगतंय),
व्याख्या मात्र ताठ, सरळ,
सिद्धता साध्या ठशात, चालत्या बोलीत,
आणि शेवटी तो रिकामा चौकोन,
बसा आता, असं म्हणणारा.

समीकरणं साठ होती, साठींना नंबर होते.
सरांचा दुसरा शेरा:
‘जिला पुढं कुणी हाक मारणार नाही,
तिच्या गळ्यात बिल्ला कशाला?’
मोजली. हाक मारलेली चौदा.
बाकी सेहेचाळीसांचे आकडे काढताना
हात जरा अडला.
मागे आई सुपावर वाकून विड्या वळत होती,
पंचवीसाची जुडी, चाळीस जुड्या, रोज.
एकाही विडीवर आकडा नसतो.
आकडे गेले, आणि समीकरणं
होती तेवढीच खरी राहिली.
हे मी कुणाला सांगितलं नाही,
लिहायला जागाही नव्हती.

एका ठिकाणी मात्र छापून आलं: ‘पाहा ??’
दोन प्रश्नचिन्हं, कंदिलाशिवाय उभी.
मी जिच्यावर टेकले होते ती गोष्ट
कुठंच विधान म्हणून मांडली नव्हती,
परिच्छेदात कुठंतरी ‘हे उघडच आहे’ म्हणून
पुढं निघून गेले होते.
ती उघड नव्हती. चार दिवस गेले.
चौथ्या रात्री कडक भाकरी मोडता मोडता
बाजू सापडली,
शेंगाचटणीच्या बोटांनी वहीत लिहिली.
तिला जागा दिली ३.४.
खालचे सगळे एकेक पाऊल सरकले, कुरकुर न करता,
तिचा उल्लेख करणाऱ्या ओळी आपोआप
तिच्याकडं वळल्या.

जूनमध्ये सरांचा फोन:
‘रेणुका, तो ३.४ लेमा नाही.
सगळं काम तोच करतोय.
त्याला प्रमेय म्हण.’

मी एक शब्द बदलला.
बाकी काहीच हललं नाही,
ना त्याच्या आधीचं, ना नंतरचं.

बाहेर नायनांनी पत्ता सहाशे बारा उलटा ओवला होता,
तो उसवत होते.
‘मान मोडली असती की,’ स्वतःशीच म्हणाले,
आणि बोळातले माग पुन्हा सुरू झाल्यावर
पुढचं काही ऐकू आलं नाही.