हातचा

सात आणि पाच बारा,
बाराचे दोन, हातचा एक,
म्हणत मी एक चिंचोका ठेवला
सुमेधच्या उजव्या तळव्यावर.
मंगळवार. कन्नमवार नगर. शाळा खाटेवर.

तेव्हापासून मूठ बंद.
जेवला डाव्या हातानं.
अंघोळीत मूठ बादलीपासून लांब.
कुकर मी शेजारी वत्सलाताईंकडे लावते,
घरात शिट्टी झाली की हा भिंतीवर डोकं आपटतो;
भात आणायला गेले तेवढ्यात
धाकटीनं त्याची बोटं उकलायला घेतली
आणि चावा खाऊन आली, रडत.

जिन्यात सावंतबाई: कितवीत गेला आता?
हातच्यात, मी म्हणाले.
त्या हसल्या नाहीत.

रात्री भांडी घासताना लक्षात आलं,
दशकाचं घर मी आखलंच नव्हतं.
ठेवणार कुठे तो?
ओल्या हातानंच खडू घेतला,
लादीवर चौकोन काढला.
तो जागाच होता.
चिंचोका ठेवला, घामेजलेला, अगदी मधोमध.
तळव्यावर त्याचा खोल ठसा.

मग त्याच हातानं ताट पुढे सरकवलं: भात.
साडेअकरा वाजलेले.
मी कुकर काखेत घेऊन
वत्सलाताईंची कडी
हळूच वाजवली.