निळी चौकट

ओउलूत दुपारी तीनलाच अंधार.
तुओवीचे हात कापतात, माउस कधीचाच खणात.
ती टॅब दाबत जाते :
नाव, आडनाव, जन्मतारीख,
आणि मग कसलाच मागमूस नाही.
पेन्शनच्या अर्जात ती आहे खरी,
पण कुठे?

एक अक्षर दाबून बघते,
काळोखात भिंत चाचपावी तसं.
ते उमटतं भलत्याच रकान्यात :
दिवंगत जोडीदाराचं नाव.
बोट तिथंच थांबतं थोडा वेळ.

मी एस्को, हा अर्ज बांधणारा,
तिच्या खुर्चीमागे उभा.
ती निळी चौकट मीच पुसली होती
एका ओळीत,
रंगसंगतीला शोभत नाही म्हणून.

"दिवा लावतोस का?" तुओवी विचारते.
मी भिंतीवरच्या बटणाकडे वळतो.
"तो नव्हे रे."